जुन्या ट्रॅक्टरची डिझेल लाईन: टाकीच्या झाकणापासून नोझलपर्यंत दोष कसा शोधायचा

नांगरट करताना ट्रॅक्टर अर्ध्या तासाने दम तोडून बंद पडतो. दहा मिनिटं थांबून सेल मारला की काहीच घडलं नसल्यासारखा चालू होतो. यावर गावात सल्ला ठरलेला असतो: "पंप गेला." मग पंप उतरवायचा, तालुक्याला न्यायचा, बिल भरून परत बसवायचा, आणि ट्रॅक्टर पुन्हा अर्ध्या तासाने बंद. दोष असतो टाकीच्या झाकणातल्या सुईएवढ्या भोकात. ते चिखलाने बुजलेलं असतं.

म्हणून या कामात एकच शिस्त पाळायची. डिझेल ज्या वाटेने जातं त्याच वाटेने, टाकीपासून पुढे तपासत जायचं. मधला टप्पा गाळायचा नाही आणि पंपाला सगळ्यात शेवटी हात लावायचा. या वाटेवर झाकण, जाळी, वॉशर, रबरी पाईप अशा स्वस्त वस्तू आधी लागतात आणि महागाच्या शेवटी, ही सोयच म्हणायची.

इथे सांगितलेलं सगळं यांत्रिक पंपाच्या जुन्या ट्रॅक्टरसाठी आहे: महिंद्रा बी-२७५, मॅसी फर्ग्युसन १०३५, स्वराज ७३५, फोर्ड ३६०० आणि त्यांच्या पिढीचे इतर. कॉमन रेलच्या, म्हणजे सगळ्या नोझलना एकाच सामाईक नळीतून डिझेल देणाऱ्या नव्या इंजिनावर यातली एकही युक्ती करू नका. तिथला दाब कितीतरी जास्त असतो.

डिझेलची वाट आणि पंपाची ओळख

टाकी, तिच्या खालचा कॉक आणि जाळी, टाकीतलं डिझेल ओढून पुढे ढकलणारा फीड पंप, पहिला फिल्टर, दुसरा फिल्टर, मुख्य डिझेल पंप, लोखंडी पाईप, सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारे नोझल, आणि उरलेलं डिझेल परत नेणारा ओव्हरफ्लो पाईप. काही ट्रॅक्टरवर फिल्टर एकच असतो, काहींवर फीड पंपाआधी काचेची वाटी असते. आपल्या ट्रॅक्टरची लाईन एकदा बोटाने माग काढत पाहून घ्या. दहा मिनिटांचं काम आहे, आणि पुढचे निम्मे घोटाळे तिथेच टळतात.

मुख्य पंप दोन प्रकारचे असतात. चौकोनी लांबट पंपावर लोखंडी पाईप डोक्यावर एका रांगेत निघत असतील तर तो इनलाईन पंप. त्याच्या पोटात वंगणासाठी ऑईल असतं. पंप गोल असून पाईप मागच्या बाजूने वर्तुळात निघत असतील तर तो रोटरी, म्हणजे डीपीए जातीचा. याला वंगण डिझेलचंच. त्यामुळे तो कोरडा फिरला किंवा रॉकेल मिसळलेल्या डिझेलवर चालला तर आतून लवकर झिजतो. जुन्या इनलाईन पंपावर बहुधा 'मायको' हे नाव कोरलेलं दिसेल. १९५१ साली सुरू झालेल्या बंगळुरूच्या या कंपनीचं नाव २००८ पासून बॉश आहे. दुकानदाराने बॉशचा सुटा भाग दिला तर भलताच माल दिला असं समजू नका.

हत्यारं आणि खबरदारी

१० ते १९ पर्यंतचे रिंग आणि फिक्स पाने लागतील. लोखंडी पाईपच्या नटांना बहुधा १७ किंवा १९ चा पाना बसतो. काही जुन्या मॅसी आणि फोर्डवर इंची माप येतं. तिथे मिलिमीटरचा पाना जबरदस्तीने घातला तर नटाचे कोपरे जातात. याशिवाय नव्या तांब्याच्या वॉशरचा एक संच, पारदर्शक प्लास्टिक पाईपचा फूटभर तुकडा, दोन क्लॅम्प, एक काचेची बाटली, स्वच्छ सुती कापड आणि दोन लिटर गाळलेलं डिझेल जवळ ठेवा. काम सुरू करण्याआधी फिल्टर आणि पंपाच्या भोवतालची माती ब्रशने झाडून डिझेलने धुऊन घ्या. नट ढिला करताना आत गेलेला वाळूचा एक कण नोझल खराब करायला पुरतो.

लोखंडी पाईपमधून निघणारी बारीक चिळकांडी कातडी भेदून आत जाते. वर फक्त टोचल्याएवढी खूण दिसते, आत मात्र मांस सडायला लागतं. गळती शोधायला हात फिरवू नका, पुठ्ठ्याचा तुकडा धरा. चिळकांडी लागलीच तर त्याच तासाला दवाखाना गाठा आणि 'जास्त दाबाचं डिझेल आत गेलंय' असं डॉक्टरांना स्पष्ट सांगा.

पहिला प्रश्न: सेल मारताना धूर येतो का?

ट्रॅक्टर चालूच होत नसेल तर पाना उचलण्याआधी एक माणूस सायलेन्सरकडे बघायला उभा करा आणि सेल मारा. सेल एका वेळी १० सेकंदांपेक्षा जास्त नको, आणि मध्ये किमान अर्धा मिनिट थांबा, नाहीतर बॅटरी आणि स्टार्टर दोन्ही जातील.

पांढरा धूर येतोय पण इंजिन पेटत नाही, याचा अर्थ डिझेल सिलिंडरपर्यंत पोहोचतंय, फक्त जळत नाही. मग दोष बहुधा डिझेल लाईनच्या बाहेर असतो: बॅटरी उतरल्यामुळे इंजिन सावकाश फिरतंय, कॉम्प्रेशन (सिलिंडरमधल्या हवेचा दाब) गेलंय, पंपाचं टायमिंग (डिझेल सोडायची वेळ) हललंय. डिझेलात पाणी असलं तरी असंच होतं, ते खाली पाहू.

धूर अजिबात नाही म्हणजे डिझेल पोहोचतच नाही. इथे सगळ्यात आधी इंजिन बंद करायची दांडी पाहा. ती ओढलेली राहून तासभर फिल्टर खोलत बसलेले लोक कमी नाहीत. दांडी आत ढकलली तरी तिची केबल गंजून अडकलेली असू शकते. म्हणून पंपावरचा छोटा लिव्हर हाताने हलवून बघा. तो मोकळा फिरून स्प्रिंगने जागेवर यायला हवा. पावसाळाभर उभ्या राहिलेल्या ट्रॅक्टरवर पंपाच्या आतला रॅकही, म्हणजे डिझेल कमी-जास्त करणारा दांडा, जाम होतो. त्यावर हातोडी मारू नका, ते काम पंपवाल्याचं.

टाकी, झाकण आणि जाळी

आता फीड पंपाकडे येणारा पाईप सोडा आणि डिझेल बाटलीत पडू द्या. टाकी इंजिनाच्या वर असल्यामुळे कॉक उघडताच पेन्सिलीएवढी सलग धार यायला हवी. ती दोन मिनिटं पाहत राहा. धार कशी वागते त्यावरून पुष्कळ कळतं:

- सुरुवातीपासून बारीक असेल तर कॉकची जाळी किंवा पाईप तुंबलाय.
- आधी जोरात येऊन हळूहळू मंदावत असेल तर झाकण काढून बघा. 'सुस्स' आवाज होऊन धार सुधारली तर झाकणाचं भोक बुजलंय. बारीक तारेने ते मोकळं करा.
- झाकण काढूनही मंदावत असेल तर टाकीत तरंगणारा कचरा तोंडाशी येऊन बसतोय.

मूळ झाकण हरवलं म्हणून तोंडाला प्लास्टिकची पिशवी आणि सुतळी बांधलेले ट्रॅक्टर सगळीकडे दिसतात. पिशवीने हवा बंद होते. कापडाचा बोळा घातला तर त्याचे धागे जाळीत जातात. नवं झाकण आणा, त्याची किंमत एका नांगरटीच्या डिझेलपेक्षा कमी आहे.

बाटलीतलं डिझेल रात्रभर स्थिर ठेवा. सकाळी तळाशी वेगळा, हलवला की गोळ्यागोळ्यांनी पळणारा थर दिसला तर ते पाणी. काळा बुळबुळीत गाळ असेल तर पाणी बरेच दिवस साचून होतं, कारण पाणी आणि डिझेल यांच्या सांध्यावर सूक्ष्मजीव वाढतात आणि तो गाळ तयार होतो. अशा वेळी नुसता फिल्टर बदलणं म्हणजे आठ दिवसांनी पुन्हा तेच. टाकी उतरवा, डिझेलने खळबळून धुवा, पाण्याने नाही. रात्री टाकी रिकामी राहिली तर आतल्या हवेतला दमटपणा पत्र्याला धरतो आणि पाणी खाली उतरतं. पावसाळ्यात काम संपल्यावर, संध्याकाळीच टाकी भरून ठेवा. शिवण उसवून टाकी गळत असेल तर घरच्या वेल्डिंगला लावू नका. रिकाम्या टाकीतली वाफ स्फोट करते.

फीड पंप आणि हातपंप

इनलाईन पंपाच्या कुशीला असलेल्या फीड पंपावर हाताने दाबायची मूठ असते. ती डावीकडे फिरवून मोकळी करा आणि वर-खाली मारा. मूठ वर ओढताना जड जाऊन सोडली की परत खाली खेचली जात असेल तर मागे, टाकीच्या बाजूला तुंबलंय. खाली दाबताना जड असेल तर पुढे फिल्टर तुंबलाय. दोन्हीकडे ढिली, पोकळ लागली तर ती हवा घेतेय किंवा आतल्या झडपांवर कचरा बसलाय. या झडपा आणि फीड पंपाची छोटी जाळी धुऊन परत बसवता येतात, एवढ्यासाठी नवा पंप घेऊ नका. काम झाल्यावर मूठ दाबून पुन्हा नीट आवळा. विसरलात तर पुढे तिथूनच गळेल.

डायफ्रामच्या, म्हणजे आत लवचिक पडदा असलेल्या फीड पंपाला मुठीऐवजी लहान दांडी असते. दांडी मारली तरी काही लागत नसेल तर घाबरू नका. पंप चालवणारा आतला कॅम (उंचवटा असलेला फिरता भाग) उंचावर थांबलेला असतो. इंजिन एक फेरा फिरवा आणि पुन्हा मारून बघा. या जातीत डायफ्राम फाटला की डिझेल थेट इंजिन ऑईलमध्ये उतरतं. डिपस्टिकवर ऑईलची पातळी कमी होण्याऐवजी वाढलेली दिसली, ऑईल पातळ आणि वासाला डिझेलसारखं लागलं, तर इंजिन चालवू नका. पातळ ऑईलवर बेअरिंग जातात. डायफ्राम बदला, ऑईल आणि ऑईल फिल्टर बदला, मगच चालू करा.

फिल्टर

दोन फिल्टर असतील तर पहिला कचरा अडवतो आणि दुसरा पंपाचं अगदी शेवटचं संरक्षण करतो. कापडी पहिला फिल्टर डिझेलमध्ये धुऊन पुन्हा वापरता येतो. कागदी फिल्टर धुऊ नका, फुंकर किंवा हवेचा दाबही मारू नका. कागदाला डोळ्याला न दिसणारी चीर पडते आणि त्यातून गेलेला कण थेट पंपात जातो. ढोबळ हिशोब असा: पहिला साधारण २५० तासांनी, दुसरा त्याच्या दुप्पट तासांनी बदला. तुमच्या मॉडेलच्या पुस्तकात वेगळा आकडा असेल तर तोच धरा. आपलं डिझेल ड्रममधून, हातपंपाने काढलेलं असेल तर आधीच बदला.

बदलताना वाटी पुसून काढा आणि जुनी रबरी रिंग टाकून द्या. वरच्या झाकणाच्या खाचेत जुन्या रिंगवर नवी बसवली की हमखास हवा घेते. मधला बोल्ट जिवाच्या आकांताने आवळू नका. ॲल्युमिनियमच्या झाकणाचे आटे गेले तर अख्खं झाकणच बदलावं लागतं.

हवा काढणे

टाकी कोरडी पडली, फिल्टर बदलला किंवा पाईप सोडला की लाईनमध्ये हवा शिरते. डिझेल दाबलं जात नाही, हवा दाबली जाते, म्हणून बुडबुडा असला की पंपाचा सगळा जोर त्याला चेपण्यात जातो आणि नोझल उघडतच नाही. क्रम चुकवू नका:

१. टाकीत किमान १० लिटर डिझेल असू द्या. कॉक पूर्ण उघडा.

२. पहिल्या फिल्टरच्या डोक्यावरचा हवेचा बोल्ट दीड-दोन आटे ढिला करा. हातपंप मारत राहा. आधी फेस, मग बुडबुडे, मग सलग डिझेल. धार चालू असतानाच बोल्ट आवळा.

३. दुसऱ्या फिल्टरवर तेच.

४. इनलाईन पंपाच्या अंगावरचा हवेचा बोल्ट ढिला करून तेच. रोटरी पंपावर असे दोन बोल्ट असतात, एक बाजूला पंपाच्या अंगावर आणि दुसरा वर गव्हर्नरच्या (रेस ताब्यात ठेवणाऱ्या भागाच्या) झाकणावर. दोन्ही ढिले करा, हातपंप मारा, आधी खालचा आवळा आणि मग वरचा.

५. स्टॉपची दांडी आत, रेस पूर्ण. नोझलकडचे दोन लोखंडी पाईप एकेक फेरा ढिले करा, भोवती कापड गुंडाळा, हात लांब ठेवा आणि सेल मारा. टोकाशी डिझेल उसळू लागलं की नट आवळा. त्या दोन सिलिंडरवर इंजिन बहुधा भकभकत चालू होतं आणि उरलेली हवा स्वतःच बाहेर टाकतं.

लोखंडी पाईपचा नट आवळताना पंपाकडच्या टोकाला खालचा षटकोनी भाग दुसऱ्या पान्याने धरून ठेवा. तो फिरला तर आतली डिलिव्हरी झडप गळू लागते. गळतंय म्हणून नट आणखी आवळत बसू नका. पाईपचं शंकूसारखं टोक चेपलं तर पाईप कायमचा गेला.

ट्रॅक्टर चालू व्हावा म्हणून हवेच्या फिल्टरपाशी पेट्रोलचं कापड किंवा ईथरचा फवारा धरायची सवय काही ठिकाणी आहे. त्याने इंजिन जोरात ठोकतं, रिंगा तुटतात, आणि हवा मात्र लाईनमध्येच राहते.

हवा पुन्हा पुन्हा शिरत असेल तर

फीड पंपाच्या आधीच्या भागात इंजिन चालू असताना खेच असते, पुढच्या भागात दाब. दाबाच्या बाजूची गळती डिझेल थेंबथेंब टाकून स्वतःच दिसते. खेचीच्या बाजूची भेग बाहेर कोरडी दिसू शकते आणि गुपचूप हवा आत घेते. टाकी भरलेली असताना वरच्या डिझेलचं वजन हा दोष झाकतं. टाकी पाव उरली किंवा जाळी अर्धी तुंबली की ट्रॅक्टर गचके देऊ लागतो. 'टाकी भरली की बरा होतो' अशी तक्रार असेल तर आधी इकडेच बघा.

दुसरा फिल्टर आणि पंप यांच्यामध्ये पारदर्शक पाईपचा तुकडा तात्पुरता जोडा, क्लॅम्प आवळा, इंजिन चालवा. बुडबुडे दिसले तर तोच तुकडा एकेक टप्पा मागे, टाकीच्या दिशेने सरकवा. ज्या टप्प्यावर बुडबुडे थांबतील त्याच्या लगेच पुढच्या जोडात भेग आहे. बहुतेक वेळा ती असते बँजो बोल्टच्या (पाईप जोडायच्या पोकळ बोल्टच्या) तांब्याच्या वॉशरमध्ये, कडक झालेल्या रबरी पाईपच्या टोकाला किंवा काचेच्या वाटीच्या रिंगवर. वापरलेलं तांबं कडक होतं आणि नीट बसत नाही. नवं वॉशर नसेल तर जुनं लालबुंद तापवून पाण्यात टाका, काळी खपली पुसा. मऊ होऊन तात्पुरतं काम देईल. जोडांवर साबण, एम-सील किंवा दोरा ही सोय फक्त शेतातून घरी येईपर्यंत. पारदर्शक पाईपही चाचणीपुरताच. उन्हाने आणि इंजिनाच्या तापाने तो कडक होऊन तडकतो.

एक सिलिंडर मारत नसेल तर

इंजिन हलतंय, काळा धूर आहे, ओढ कमी आहे. इंजिन मंद रेसवर ठेवा, कापड गुंडाळा आणि एकेका नोझलचा नट अर्धा फेरा ढिला करून बघा. ज्याने इंजिन आणखी अडखळतं तो सिलिंडर चांगला. ज्याने काहीच फरक पडत नाही तो सिलिंडर दोषी. तो नोझल शेजारच्या सिलिंडरच्या नोझलशी अदलाबदल करा. दोष नोझलबरोबर सरकला तर नोझल खराब. जागेवरच राहिला तर पंप किंवा कॉम्प्रेशन.

सगळेच सिलिंडर काळा धूर टाकत असतील तर नोझलआधी एअर क्लीनर काढा. ऊस वाहतुकीच्या हंगामात, धुळीच्या रस्त्यावर, ऑईल बाथमध्ये (एअर क्लीनरच्या खालच्या ऑईलच्या वाटीत) ऑईलऐवजी चिखल निघतो. तो साफ करून बरेच ट्रॅक्टर 'नीट' होतात.

नोझल काढल्यावर खोबणीत बघा, जुनं वॉशर तळाशी चिकटून राहिलेलं असतं. त्यावर दुसरं ठेवलं की नोझलचं टोक वर उचललं जातं, फवारा पिस्टनच्या खळग्यात न पडता कडेला पडतो आणि धूर वाढतो. बसवताना दोन्ही नट आलटून पालटून, थोडे थोडे आवळा. वाकडा बसला तर बुडाशी काळी ओली काजळी येते. नोझलच्या अंगावर डीएलएलए ने सुरू होणारा नंबर कोरलेला असतो. त्याच्या लगेच पुढचा आकडा फवाऱ्याचा कोन आहे. नवा घेताना पूर्ण नंबर जुळवा, 'दिसायला सारखा' चालत नाही.

नोझल नेहमी चाचणी यंत्रावर तपासून घ्या. उघडण्याचा दाब इंजिनप्रमाणे साधारण १८० ते २५० बारच्या दरम्यान असतो आणि सगळ्यांचा सारखा हवा. फवारा धुक्यासारखा, थेंब न गळता तुटायला हवा. एक बदलला आणि बाकीचे तसेच ठेवले तर इंजिन हलत राहतं.

आता पंप

इथपर्यंत सगळं तपासून झाल्यावरच. थंड असताना ट्रॅक्टर एका सेलमध्ये चालू होतो, पण तापल्यावर बंद केला की पुन्हा लागत नाही, ही झिजलेल्या पंपाची खूण आहे. तापून पातळ झालेलं डिझेल आतल्या झिजेतून मागे पळतं. खात्री करायला इंजिन बंद असताना पंपावर ओलं कापड पाच-दहा मिनिटं ठेवा. थंड झाल्यावर लगेच चालू झाला तर पंप झिजलाय. चालू इंजिनाच्या तापलेल्या पंपावर थंड पाणी ओतू नका, आतले भाग आवळून जाम होतील.

उतरवण्याआधी पंपाच्या बोल्ट बसतात त्या कडेवर आणि इंजिनाच्या अंगावर छिन्नीने एक सरळ रेघ मारा, म्हणजे टायमिंग त्याच जागी परत येईल. सगळी तोंडं स्वच्छ कापडाने किंवा टोप्यांनी बंद करा. पंपवाल्याला मॉडेल आणि पंपावरच्या पट्टीवरचा नंबर द्या. 'जरा डिझेल वाढवून दे' असं सांगू नका. ओढ थोडी वाढते, धूर आणि खर्च जास्त वाढतो, पिस्टन तापतो.

पंप बसवून पहिल्यांदा चालू करताना एअर क्लीनरचा पाईप सोडून ठेवा आणि एक जाड लाकडी फळी हातात धरून माणूस उभा करा. रॅक अडकला तर इंजिनाची रेस आपोआप चढत जाते आणि स्टॉपची दांडी ओढूनही थांबत नाही. अशा वेळी हवेच्या तोंडावर फळी दाबून धरली की इंजिन गुदमरून बंद होतं. तळहात किंवा सैल कापड लावू नका, ते आत ओढलं जातं.